१४ मिनिटे २५ सेकंद

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या ५७ किलो गटाचे जे निकाल नोंदले गेले, त्यांत एक ओळ अशी आहे: भारताच्या जाधव यांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विन यांना चितपट केले, वेळ १४ मिनिटे २५ सेकंद. त्या काळी लढत १५ मिनिटांची असे. म्हणजे वेळ संपायला ३५ सेकंद उरले असताना पोलिक्विनची पाठ मॅटला लागली.

खाशाबा दादासाहेब जाधव यांच्याबद्दल आपण पुष्कळ ऐकलेले असते. गहाण टाकलेले घर, बैलगाड्यांची मिरवणूक, सरकारी दारातून रिकाम्या हाताने परतणे, पुढची उपेक्षा. या सगळ्यात त्यांच्या कुस्त्या मात्र क्वचितच सांगितल्या जातात. कोणाशी लढले, कसे जिंकले, कोणाकडून हरले आणि दोन लढती हरूनही पदक कसे मिळाले, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते त्यांचे उत्तर वरच्या ओळीत आहे. पण तिथे जाण्याआधी साधनांची प्रतवारी लावून घेणे बरे.

खाशाबांच्या कारकिर्दीची साधने तीन प्रकारची आहेत. पहिली, स्पर्धेच्या संयोजकांनी ठेवलेली निकालपत्रके. ती घटनेच्या वेळीच तयार झाली आणि ती लिहिणाऱ्याला कराडचा अभिमान नव्हता की मुंबई सरकारबद्दल रागही नव्हता. म्हणून विश्वासात ती सर्वांत वर. त्यांचा दोष एवढाच की ती फार थोडे बोलतात. दुसरी साधने त्या काळाच्या राज्यकारभाराची: संस्थाने कधी विलीन झाली, मंत्रिमंडळ कधी बदलले, कोणता जिल्हा कोणत्या राज्यात होता. यांत खाशाबांचे नाव नाही, पण त्यांच्या कहाणीतल्या तारखा तपासायला हीच उपयोगी पडतात. तिसरी साधने आठवणींची. कुटुंबाने, गावकऱ्यांनी, सहकाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षांनी सांगितलेल्या आणि वृत्तपत्रांनी पुन्हा पुन्हा छापलेल्या. आपल्याला ठाऊक असलेल्यापैकी बहुतेक भाग याच तिसऱ्या वर्गातला आहे. तो खोटा मानायचे कारण नाही. मात्र त्याच्यावर चिठ्ठी ‘आठवण’ अशीच हवी, ‘नोंद’ अशी नको.

ठाम असलेल्या गोष्टी आधी. जन्म १५ जानेवारी १९२६, कराडजवळचे गोळेश्वर. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, खाशाबा पाच भावांत धाकटे. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, नंतर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. कोल्हापुरात बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी हे त्यांचे मार्गदर्शक म्हणून सांगितले जातात. ढाक हा त्यांचा हुकमी डाव: प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून त्याला उचलून आपटायचे.

यापुढे, १९४८ पर्यंत, कागद जवळजवळ गप्प आहे. याचे कारण निष्काळजीपणा नसून त्या कुस्तीची घडण आहे. जत्रेतल्या मैदानात तेव्हा वजनगट नव्हते. जोड लावायची ती नजरेने, वस्तादांच्या संमतीने. सुरुवातीला पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर. मग वाढत्या इनामाच्या. शेवटी बड्या मल्लांची मुख्य जोड. घड्याळ नव्हते, गुण नव्हते. कुस्ती निकाली व्हायची, म्हणजे एकाची पाठ मातीला लागेपर्यंत चालायची, नाहीतर पंच ती बरोबरीत सोडवायचे. आमच्या वऱ्हाडातल्या दंगलीतही हाच शिरस्ता. अशा कुस्तीचा निकाल हजारो लोक डोळ्यांनी पाहत आणि तो तोंडोतोंडी पसरे. लिहून ठेवायची गरज कोणाला वाटत नसे. त्यात हलक्या वजनाचा मल्ल म्हणजे कार्यक्रमाचा अर्धा भाग संपायच्या आत लढून मोकळा झालेला माणूस. मोठ्या जोडीची बातमी कधीमधी वृत्तपत्रात येई. ५२ किलोच्या पोराची येण्याचे कारणच नव्हते.

हे रिकामेपण नीट कळावे म्हणून त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका हलक्या वजनाच्या माणसाकडे पाहावे. फिलिपिन्सच्या नेग्रोस बेटावरच्या इलोग गावचा फ्रान्सिस्को गिलेडो, व्यावसायिक मुष्टियुद्धात ‘पांचो व्हिला’ या नावाने ओळखला गेलेला. तो १९०१ साली जन्मला, १९२२ मध्ये अमेरिकेला गेला. १८ जून १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर त्याने वेल्सच्या जिमी वाइल्डला सातव्या फेरीत गारद करून फ्लायवेटचे जगज्जेतेपद घेतले. ४ जुलै १९२५ रोजी तो जिमी मॅक्लार्निनशी दहा फेऱ्या लढून हरला आणि दाताच्या दुखण्यातून पसरलेल्या संसर्गाने १४ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोत वारला, वयाची चोविशी गाठण्याआधीच. गरिबीत वाढलेल्या या माणसाच्या अमेरिकेतल्या लढती आज तारीखवार मांडता येतात, कारण त्या लढतींच्या मागे तिकिटे होती, करार होते, व्यवस्थापक होते, पैज लावणारे होते आणि या सगळ्यांना निकाल छापील हवा होता. पैसा जिथून जातो तिथे कागद उरतो. खाशाबांच्या मैदानातही पैसा होता, पण तो पागोट्यात बांधून घरी जाणारा इनामाचा पैसा. त्याची पावती कोणी फाडली नाही.

म्हणून १९४८ चे लंडन हा खाशाबांच्या कागदोपत्री आयुष्याचा पहिला दिवस मानावा लागतो. कुस्त्या अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये झाल्या. फ्रीस्टाइलच्या लढती २९ ते ३१ जुलैला. खाशाबा ५२ किलोच्या, म्हणजे फ्लायवेट गटात उतरले. वय २२. निकाल असा: ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसवर विजय, अमेरिकेच्या बिली जर्निगनवर विजय, इराणच्या मन्सूर रईसीकडून पराभव. अंतिम क्रमांक सहावा. सुवर्ण फिनलंडच्या लेनार्ट विइताला यांना, रौप्य तुर्कस्तानच्या हालित बालामीर यांना, कांस्य स्वीडनच्या थुरे योहान्सन यांना.

मॅटवरची कुस्ती त्यांना नवी होती, असे सगळे सांगतात. ही आठवणच आहे, पण परिस्थिती तिला दुजोरा देते. गोळेश्वर आणि कोल्हापूरच्या तालमी मातीच्या होत्या. लंडनच्या तयारीत अमेरिकेचे माजी लाइटवेट विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना शिकवले, हेही बहुतेक वृत्तांतांत सारखेच येते. मातीत पाय रुततो आणि त्या आधारावर डाव उभा राहतो. मॅटवर पाय सरकतो आणि पकड घामाने निसटते. नियम वेगळे, वेळ मोजलेली, पंच तीन. या सगळ्यातून पहिल्याच खेपेला सहावा क्रमांक म्हणजे माझ्या दृष्टीने हेलसिंकीइतकाच लक्षणीय पुरावा आहे, कारण त्यात सवयीचा आधार अजिबात नव्हता.

इथे अमरावतीकडे एक नजर टाकायला हवी. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी उभे केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. या मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे गेले आणि कबड्डी, मल्लखांब अशा देशी व्यायामांची प्रात्यक्षिके करून आले. म्हणजे आपल्या मातीतली माणसे ऑलिम्पिकच्या गावी खाशाबांच्या आधी बारा वर्षे पोहोचली होती, पण आपला खेळ दाखवायला. दुसऱ्याच्या नियमांत, दुसऱ्याच्या घड्याळावर उतरून लढायला गेलेला माणूस वेगळा. या दोन प्रवासांमधला फरक लक्षात घेतला तर लंडनच्या सहाव्या क्रमांकाचे वजन कळते.

लंडनचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला, अशी आठवण आहे. ती पटण्यासारखी आहे, कारण जुलै १९४८ मध्ये कोल्हापूर अजून संस्थान होते. शाहू महाराजांपासून चालत आलेला कुस्तीचा राजाश्रय तेव्हा जिवंत होता. पण १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. खाशाबांच्या दोन ऑलिम्पिकच्या मधोमध ही तारीख बसते. १९५२ मध्ये पैशासाठी एवढी वणवण का करावी लागली, याचे उत्तर शोधताना लोक बहुधा एखाद्या मंत्र्याचे नाव घेतात. मला ही तारीख अधिक बोलकी वाटते. पैलवानाला पोसणारे दार बंद झाले होते आणि त्याच्या जागी उघडायचे दार अजून कोणी बांधलेच नव्हते. सरकारकडे खेळाडूला परदेशी पाठवायची रुळलेली पद्धत नव्हती. खाशाबांचा अर्ज कोणत्या खात्यात पडायला हवा, हेही त्या वेळी ठरलेले असेल असे वाटत नाही.

मोरारजी देसाई यांच्याकडे चार हजार रुपये मागितले आणि ‘स्पर्धा झाल्यावर या’ असे उत्तर मिळाले, ही गोष्ट आठवणींच्या वर्गातली. तारखा तिच्या विरुद्ध जात नाहीत. देसाई एप्रिल १९५२ मध्ये मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि ऑलिम्पिकचे उद्घाटन १९ जुलैला होते. मधल्या तीन महिन्यांत अशी भेट होणे अगदी शक्य आहे. पण शक्य आहे म्हणजे सिद्ध झाले असे नाही, आणि नेमके शब्द तर आठवणीत सर्वांत आधी बदलतात. (खाशाबा अमरावतीचे असते तर हाच अर्ज नागपूरला गेला असता, वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता. ‘महाराष्ट्र सरकारने पैसे दिले नाहीत’ असे आज सहज बोलले जाते, पण १९५२ मध्ये महाराष्ट्र नावाचे राज्यच नव्हते.)

दुसरी आठवण घराच्या गहाणाची. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर मराठा बँकेकडे गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिवाय गावाने वर्गणी काढली. ही आठवण मी पहिलीपेक्षा वरच्या पायरीवर ठेवतो, आणि त्याला कारण आहे. तिच्यात माणूस, संस्था, रक्कम आणि व्यवहाराचा प्रकार, चारही गोष्टी ठरलेल्या आहेत. निरनिराळ्या सांगणाऱ्यांकडून त्या सहसा बदलत नाहीत. शिवाय तिला पुढे जोडलेली दुसरी आठवण आहे: परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावून, त्यांच्या इनामातून प्राचार्यांची रक्कम फेडली. देणे आणि फेडणे अशी दोन टोके जुळली की कथा व्यवहारासारखी दिसू लागते.

निवडीबद्दल थोडक्यात. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत गुण कमी देऊन आपल्याला डावलले गेले, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, फेरलढत झाली आणि त्यांनी निरंजन दास यांना पाडून जागा मिळवली. कथेचा गाभा सगळीकडे एकच आहे, तपशील सांगणाऱ्यागणिक हलतो. मला यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: गुणांवर हरलेला माणूस फेरलढतीत पाडून जिंकतो. हा धागा हेलसिंकीपर्यंत जातो.

आता हेलसिंकी. फ्रीस्टाइलच्या कुस्त्या २० ते २३ जुलै १९५२, स्थळ मेसुहल्ली. खाशाबा यावेळी ५७ किलोच्या, बँटमवेट गटात होते. चार वर्षांत पाच किलोने वरचा गट. हा बदल ठरवून केला की वयाबरोबर वजन आपोआप वाढले, याबद्दल अंदाजच करता येतो. बावीस आणि सव्वीस या वयांमधला फरक पाहता दुसरी शक्यता मला जास्त साधी वाटते. हलक्या गटात पाच किलो म्हणजे शरीराचा जवळजवळ दहावा हिस्सा. समोरचा माणूसच बदलतो.

त्यांच्या लढती अशा: कॅनडाच्या पोलिक्विनवर चितपट विजय, १४ मिनिटे २५ सेकंद. मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोवर चितपट विजय, ५ मिनिटे २० सेकंद. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झवर गुणांवर विजय, पंच २–१. सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्हकडून गुणांवर पराभव, ०–३. जपानच्या शोहाची इशीईकडून गुणांवर पराभव, ०–३. तीन विजय, दोन पराभव. काही लेखांत ‘पहिल्या पाच फेऱ्या सहज जिंकल्या’ असे छापले जाते. पण फेऱ्या आणि लढती यांची संख्या एक नसते, कारण एखाद्या फेरीत प्रतिस्पर्धी न मिळता पुढे चाल मिळू शकते. हरवलेल्या माणसांची नावे तीनच आहेत.

आता प्रश्न असा की दोनदा हरलेला मल्ल तिसरा कसा आला? आजच्या वाचकाला वाटेल की उपांत्य फेरीत हरून मग कांस्यपदकाची लढत जिंकली असेल. तशी लढत तेव्हा नव्हती. त्या काळची पद्धत ऋण गुणांची होती. चितपट करून जिंकलात तर खात्यावर शून्य. गुणांवर जिंकलात तरी एक ऋण गुण. चितपट किंवा एकमताच्या कौलाने हरलात की तीन, २–१ ने हरलात की दोन. बेरीज पाचावर गेली की मल्ल बाद. असे गळत गळत दोन किंवा तीन मल्ल उरले की त्यांच्यात शेवटची फेरी होऊन पदके ठरत. म्हणजे एक पराभव पचवता येत असे, पण त्याआधीचे विजय कसे मिळवले यावर तो पचणार की नाही हे ठरे.

खाशाबांचे खाते मांडून पाहू. पोलिक्विन चितपट: शून्य. बासुर्तो चितपट: शून्य. श्मिट्झ गुणांवर: एक. पहिला पराभव, मग तो इशीईकडून आधी झालेला असो की मामेदबेयोव्हकडून: तीन. एकूण चार. पाचाच्या रेषेच्या एक पाऊल अलीकडे. म्हणून ते स्पर्धेत राहिले, शेवटच्या तिघांत मोजले गेले, आणि उरलेल्या दोघांकडून हरल्यामुळे तिसरे आले.

या खात्यात दोन जागा अशा आहेत की तिथे काही वेगळे घडते तर पदक गेले असते. एक श्मिट्झची लढत. तिघा पंचांपैकी एकाचा कौल फिरला असता तर एकाऐवजी पराभवाचे ऋण गुण खात्यावर आले असते आणि पुढच्या पराभवाबरोबर खाते पाचावर पोहोचले असते. ही जागा कोणालाही दिसते. २–१ हा आकडाच ती दाखवतो.

दुसरी जागा सहज दिसत नाही. पोलिक्विनची लढत आणखी ३५ सेकंद तशीच चालली असती तर काय? जाधव वरचढ असते तर निकाल त्यांच्याच बाजूने लागला असता, पण गुणांवर. खात्यावर शून्याऐवजी एक पडला असता. मग एक, शून्य, एक आणि तीन: बेरीज पाच. नियम जसाच्या तसा लावला तर पहिल्या पराभवालाच ते बाद झाले असते. तीच लढत, तोच विजेता, तरीही पदक नाही. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक या ३५ सेकंदांवर टेकलेले आहे.

इथपर्यंत हिशेब आहे आणि तो कोणीही पडताळून पाहू शकतो. यापुढे माझा अंदाज सुरू होतो, तो अंदाज म्हणूनच वाचावा. चौदा मिनिटे झाली आहेत, आपण पुढे आहोत, अशा वेळी मॅटवर वाढलेला मल्ल बहुधा सावध होतो आणि वेळ काढतो. खाशाबा ज्या कुस्तीत वाढले तिथे पुढे असणे नावाचा प्रकार नव्हता. पाठ लागली तर जिंकलो, नाहीतर कुस्ती सुटली. चौदाव्या मिनिटालाही समोरच्याला पाडायलाच जाणे ही त्या मातीची सवय. आणि योगायोग असा की हेलसिंकीची गुणपद्धतही चितपटीलाच सर्वांत मोठे बक्षीस देत होती. निवडीच्या वेळचा धागाही हेच सांगतो. मातीतून आल्यामुळे खाशाबा मागे पडले, असे आपण दयेने बोलतो. निकालपत्रक पाहून मला उलटे वाटते: मातीनेच त्यांना ती शून्ये दिली.

पराभवांबद्दलची प्रसिद्ध कथा अशी: इशीईबरोबरची दीर्घ लढत संपते न संपते तोच त्यांना मामेदबेयोव्हशी लढायला उभे केले. दोन लढतींत अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांची बाजू मांडायला एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. ही कथा खरी असू शकते. निकालपत्रकाला ती खोडता येत नाही, कारण प्रतिस्पर्धी, निकाल आणि वेळ एवढेच ते नोंदते; दोन लढतींमध्ये किती मिनिटे गेली आणि मॅटच्या कडेला कोण उभे होते, यासाठी त्यात रकानाच नाही. ते एक गोष्ट मात्र सांगते आणि ती या कथेत हरवते. दोन्ही पराभव गुणांवर झाले. दमलेला असो वा नसो, सुवर्ण आणि रौप्य मिळवणाऱ्या दोघांपैकी एकालाही हा माणूस चितपट करता आला नाही. हेलसिंकीतल्या त्यांच्या पाचही लढतींत त्यांची पाठ लागल्याची नोंद नाही.

ते दोघे कोण होते हेही पाहायला हवे. इशीई यांचे सुवर्ण हे हेलसिंकीत जपानला मिळालेले एकमेव सुवर्ण. युद्धानंतर जपानला १९४८ च्या लंडनला बोलावलेच नव्हते. सोव्हिएत संघ तर १९५२ मध्येच पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये उतरला. म्हणजे खाशाबांना ज्या दोन देशांच्या मल्लांनी हरवले, ते दोन्ही देश लंडनमध्ये नव्हते. लंडनचा सहावा आणि हेलसिंकीचा तिसरा हे क्रमांक शेजारी ठेवताना मैदान मधल्या काळात अवघड झाले होते, हे धरूनच तुलना करावी. कोल्हापूरच्याच तालमीतले केशव माणगावे त्याच स्पर्धेत ६२ किलो गटात चौथे आले, हेही सहसा सांगितले जात नाही. एकाच शहराच्या मातीतून एकाच आठवड्यात तिसरा आणि चौथा. हा एकट्या चमत्काराचा नव्हे, शिकवणीचा पुरावा आहे.

हलक्या वजनाच्या माणसाने देशाचे खाते उघडावे, हे आशियात इतरत्रही दिसते. बरोबर वीस वर्षे आधी, १९३२ च्या लॉस एंजेलिसला फिलिपिन्सच्या होसे व्हिलानुएवाने बँटमवेट मुष्टियुद्धात कांस्य मिळवले. मुष्टियुद्धातले ते त्या देशाचे पहिले ऑलिम्पिक पदक. १९६४ मध्ये त्याच्या मुलाने, अँथनीने, टोकियोत रौप्य आणले. तिथे पांचो व्हिलापासून चालत आलेली व्यावसायिक रिंगची परंपरा पाठीशी होती. आपल्याकडे पुढचे वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडले, लिएंडर पेसच्या टेनिसमधल्या कांस्याने. कुस्तीतले तर थेट २००८ मध्ये.

पदकाची बातमी देशात दबून का राहिली, यालाही एक साधी तारीख कारण असावी. खाशाबांचे पदक २३ जुलैला ठरले. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, हॉकीचा अंतिम सामना झाला. भारताने नेदरलँड्सला ६–१ हरवले, त्यांतले पाच गोल बलबीर सिंग यांचे. त्या सुवर्णाच्या शेजारी ५७ किलो गटातले कांस्य किती जागा मिळवणार? मुद्दाम केलेल्या उपेक्षेचा भाग पुढच्या दशकांत येतो. जुलै १९५२ पुरता तरी मला दोष पंचांगाचाच दिसतो.

गावाने मात्र वाट पाहिली होती. कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि थोड्या मिनिटांच्या वाटेला सात तास लागले, असे कुटुंबातल्यांनी सांगितले आहे. १५१ हा शुभ मानलेला आकडा आहे, म्हणून तो मी मोजलेला समजत नाही. मिरवणूक निघाली याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

त्यानंतरचे आयुष्य पुन्हा सरकारी कागदाच्या हद्दीत येते. १९५५ मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ चे मेलबर्न हुकले आणि आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या ज्योतयात्रेत त्यांना मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर आला. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव आहे.

आठवणीच्या चिठ्ठ्या काढून तिथे नोंदीच्या चिठ्ठ्या लावता येतील, अशा जागा अजून आहेत. सर्वांत आधी गहाणाची. घर रीतसर गहाणखताने तारण दिले असेल तर १९५२ च्या कोल्हापूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयाच्या सूची क्रमांक दोनमध्ये मिळकतीचे वर्णन, देणारा, घेणारा आणि रक्कम एका ओळीत असणार. कर्ज फिटल्यावर मुक्तिपत्र झाले असेल तर त्याची तारीखही, आणि मग खाशाबांनी इनामाच्या कुस्त्यांतून किती महिन्यांत फेड केली हे उलगडेल. नुसते घराचे कागद बँकेत ठेवून पैसे उचलले असतील तर या सूचीत काही सापडणार नाही, आणि मग बँकेच्या जुन्या खतावण्यांकडे वळावे लागेल. त्याच वर्षाच्या मुंबई सरकारच्या आवक नोंदवह्यांत चार हजारांचा अर्ज पाहावा. आणि कोल्हापूर, कराड, सातारा भागातल्या १९५२–५३ च्या साप्ताहिकांत जत्रांच्या मैदानांचे वृत्तांत चाळावेत. ऑलिम्पिकवीराची कुस्ती लागली असेल तर या खेपेला तरी ती कोणीतरी छापली असेल, इनामाच्या रकमेसकट.